वेबसाइट कोणत्या आवाजात तपासायची?

लासलगावच्या कांद्याच्या भावाचा तक्ता डोळ्यांनी वाचायला दोन सेकंद पुरतात. वर आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने आणि खाली तारखांच्या ओळी. नजर थेट हव्या त्या चौकटीवर जाते आणि आकडा कोणत्या रकान्यातला हे वेगळे कोणी सांगावे लागत नाही. निफाड तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याला दिसत नाही, तो असा तक्ता ऐकतो. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर त्याला बोलून दाखवतो. तक्त्याच्या वरच्या ओळीला कोडमध्ये शीर्षक म्हणून खूण केलेली असेल, तर संगणकावर एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना 'कमाल दर' हे शब्द आधी कानावर पडतात आणि मग आकडा. खूण नसेल तर नुसते आकडे येत राहतात. कोणता आकडा कशाचा हे ऐकणाऱ्याने बोटांवर मोजत ठरवायचे, आणि मोजण्यात एक चूक झाली की किमान दर कमाल समजून तो ट्रॅक्टर बाजारात पाठवणार.

इथपर्यंतचा दोष वेबसाइट बनवणाऱ्याचा. पण खूण व्यवस्थित केलेले पानसुद्धा एका यंत्रावर नीट ऐकू येते आणि दुसऱ्यावर येत नाही, असे घडते. म्हणूनच वेबसाइट सुगम्य आहे की नाही हे तपासताना 'कशावर तपासली?' हा प्रश्न विचारावा लागतो. कोणता ब्राउझर, कोणता स्क्रीन रीडर, ही जोडी कोणी आणि कशाच्या आधारावर निवडली, हे सांगितल्याशिवाय 'आमची साइट दृष्टिहीनांना वापरता येते' या वाक्याला फारसा अर्थ राहत नाही. महाराष्ट्रात, आणि नाशिकसारख्या जिल्ह्यात तर नक्कीच, ही जोडी परदेशी यादीवरून उचलू नये असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडचा माणूस कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या भाषेच्या आवाजात ऐकतो, तिथून निवड सुरू व्हायला हवी.

त्यासाठी मजकूर कानापर्यंत कसा पोहोचतो ते थोडे पाहावे लागेल. वेबसाइट बनवणारा एचटीएमएलमध्ये पान लिहितो. ब्राउझर त्याचे चित्र पडद्यावर उभे करतो आणि त्याच वेळी एक न दिसणारा आराखडाही तयार करतो: हे शीर्षक, हे बटण, ही पाच कलमांची यादी, या चौकोनाचे नाव 'मोबाइल क्रमांक'. हा आराखडा तो विंडोज, अँड्रॉइड किंवा आयफोनच्या प्रणालीकडे सोपवतो. स्क्रीन रीडर तो तिथून उचलतो, त्यातले काय बोलायचे आणि कोणत्या क्रमाने ते ठरवतो, आणि शेवटी बोलण्याचे काम एका कृत्रिम आवाजाकडे जाते. म्हणजे मध्ये चार हात आहेत, आणि प्रत्येक हातात काही तरी गळू शकते. एक प्रसिद्ध उदाहरण सफारी ब्राउझरचे आहे. यादीपुढचे ठिपके डिझायनरने दिसायला नकोत म्हणून काढून टाकले, तर सफारी त्या मजकुराला बहुतेकदा यादी मानणेच सोडून देतो. त्यामुळे अॅपलचा स्क्रीन रीडर 'यादी, पाच घटक' असे सांगत नाही. तेच पान विंडोजवर क्रोममध्ये उघडले तर यादी यादीसारखी ऐकू येते. दाखल्यासाठी लागणारी पाच कागदपत्रे ऐकणाऱ्याला पाचच आहेत हे आधी कळणे आणि न कळणे यात बराच फरक आहे.

स्क्रीन रीडरचेही स्वभाव वेगवेगळे आहेत. जॉज हा त्यांतला जुना. स्वतः अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने तो १९८९ मध्ये डॉससाठी आणला, पुढे १९९५ मध्ये विंडोजसाठी. जॉज मदतीला तत्पर असतो: एखाद्या चौकोनाला नाव दिलेलेच नसेल तर तो आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधून काही तरी नाव सांगण्याचा प्रयत्न करतो. वापरणाऱ्याची त्याने सोय होते, पण तपासणाऱ्याची फसगत होते. जॉजवर फॉर्म छान चालला म्हणून निर्धास्त व्हावे, तर कोडमध्ये नावच नाही हे कळतच नाही. दुसरा एनव्हीडीए. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये तो सुरू केला, कारण विकतचा स्क्रीन रीडर फार महाग पडत होता. एनव्हीडीए फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि तो साधारणपणे पानात जे आहे तेच सांगतो. अॅपलचा व्हॉइसओव्हर २००५ मध्ये मॅकवर आणि २००९ मध्ये आयफोनवर आला. अँड्रॉइडचा टॉकबॅकही २००९ चाच. हे दोन्ही यंत्रात आधीपासून असतात, वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत. विंडोजसोबत येणारा नॅरेटर २००० पासून आहे, पण मुख्य साधन म्हणून त्यावर विसंबणारे अजून थोडे.

या सगळ्यांच्या जोड्या हळूहळू ठरत गेल्या. व्हॉइसओव्हर सफारीबरोबर सर्वांत चांगला चालतो, टॉकबॅक क्रोमबरोबर, जॉज क्रोम किंवा एजबरोबर, एनव्हीडीए क्रोम किंवा फायरफॉक्सबरोबर. ब्रिटनचे सरकार आपल्या खात्यांना साधारण याच जोड्यांवर तपासायला सांगते. जगभरातल्या कंपन्या मात्र वेबएम या अमेरिकी संस्थेच्या सर्वेक्षणाकडे बोट दाखवतात. डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तिच्या दहाव्या सर्वेक्षणात १,५३९ जणांनी उत्तरे दिली. मुख्य स्क्रीन रीडर कोणता या प्रश्नाला ४०.५ टक्क्यांनी जॉज, ३७.७ टक्क्यांनी एनव्हीडीए आणि ९.७ टक्क्यांनी व्हॉइसओव्हर असे सांगितले. जोड्यांमध्ये जॉज आणि क्रोम पहिले, एनव्हीडीए आणि क्रोम दुसरे. मोबाइलवर स्क्रीन रीडर वापरणारे नव्वद टक्क्यांहून अधिक होते आणि त्यांतल्या सुमारे सत्तर टक्क्यांच्या हातात आयफोन होता.

हे आकडे प्रामाणिक आहेत, पण ते आपले नाहीत. उत्तरे देणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा उत्तर अमेरिका आणि युरोपचा होता. भारतात दहातले नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. जॉजचा परवाना हा अमेरिकेत अनेकदा नोकरी देणारी कंपनी किंवा पुनर्वसन खाते घेऊन देते. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तो कोण देणार? त्याच्याकडे असतो बऱ्यापैकी स्वस्त अँड्रॉइड फोन, आणि जवळच्या शाळेत किंवा संस्थेत संगणक असेल तर त्यावर एनव्हीडीए. वेबएमच्या क्रमाने तपासणारी पुण्या-मुंबईची किंवा नाशिकच्या अंबडची कंपनी आधी जॉज, मग आयफोन असे करत जाईल आणि टॉकबॅकची पाळी येईपर्यंत पैसे आणि मुदत दोन्ही संपलेली असतील. ज्याच्यासाठी तपासणी करायची, तोच यादीत शेवटी राहतो.

इथे एक गोष्ट बहुतेक परदेशी याद्यांत येत नाही, कारण त्यांना तिची गरजच पडत नाही: आवाजाची भाषा. वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यांत एक अट आहे. पानासाठी वापरलेले तंत्र वापरणाऱ्यांच्या सहायक साधनांबरोबर चालते की नाही, हे त्या मजकुराच्या मानवी भाषेत तपासलेले असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मराठी पानाची तपासणी इंग्रजी आवाजात करून चालणार नाही असाच याचा अर्थ होतो. आणि प्रत्यक्षात नेमके तेच घडते. तपासणाऱ्याच्या संगणकावर इंग्रजी आवाज असतो. पान मराठीत असते, पण कोडमध्ये पानाची भाषा 'इंग्रजी' अशीच राहून गेलेली असते, कारण साचा परदेशातून घेतलेला असतो. अशा वेळी देवनागरी न येणारा इंग्रजी आवाज मराठी मजकुरावरून चक्क गप्प पुढे जातो. बटण आहे हे कळते, पण ते कशाचे हे ऐकूच येत नाही. पानाची भाषा मराठी अशी योग्य नोंदली, तर एनव्हीडीए ती ओळखून, मराठी आवाज उपलब्ध असल्यास, आपोआप बदलतो. एका ओळीचे काम आहे, डब्ल्यूसीएजीच्या सर्वांत खालच्या, म्हणजे 'ए' पातळीवरचे.

मराठी आवाजांची उपलब्धताही सारखी नाही. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज मिळतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आहे, जरा यांत्रिक, पण वेगाने ऐकायला सवयीचा. बऱ्याच ठिकाणी मराठी नाही म्हणून हिंदी आवाज लावला जातो. तो देवनागरी वाचतो खरा, पण 'ळ' अडतो आणि गावांची नावे ओळखू येईनाशी होतात. फोनची भाषा इंग्रजी ठेवून मराठी पाने वाचणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या कानावर 'बटण', 'चेकबॉक्स' हे शब्द एका आवाजात आणि मजकूर दुसऱ्या आवाजात पडतो. म्हणून माझ्या मते आपल्याकडे तपासणीची जोडी नव्हे, तिकडी लिहिली पाहिजे: ब्राउझर, स्क्रीन रीडर आणि आवाज. पहिली तिकडी अँड्रॉइडवर क्रोम, टॉकबॅक आणि मराठी आवाज. तीच पुन्हा एकदा फोनची भाषा इंग्रजी ठेवून. दुसरी विंडोजवर क्रोम, एनव्हीडीए आणि मराठी. या दोन नीट झाल्या की मग आयफोनवर सफारी आणि व्हॉइसओव्हर, आणि बँका किंवा सरकारी कचेऱ्यांत जिथे दृष्टिहीन कर्मचारी जॉज वापरतात तिथे जॉज आणि क्रोम किंवा एज. फायरफॉक्स आणि एनव्हीडीए मी शंका फेडण्यासाठी ठेवेन: क्रोममध्ये काही चुकीचे ऐकू आले आणि फायरफॉक्समध्ये बरोबर, तर दोष पानाचा की ब्राउझरचा याचा अंदाज येतो.

या क्रमाने तपासल्यावर काय सापडते, ते एका फॉर्मवर पाहू. दाखल्याच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन उतरत्या याद्या असतात. नाशिक जिल्हा निवडला की पंधरा तालुके यायला हवेत. ब्राउझरची साधी, मूळची यादी वापरली असेल, तर टॉकबॅकवर उजवीकडे बोट सरकवत तिथे पोहोचायचे, दोनदा टिचकी मारायची, फोनची आपली यादी उघडते, 'निफाड' ऐकू आले की पुन्हा दोनदा टिचकी. पण दिसायला सुंदर हवी म्हणून बनवणाऱ्याने आपलीच यादी घडवलेली असते. संगणकावर ती कीबोर्डच्या बाणांनी चालते, एनव्हीडीएवर तपासणाऱ्याला सारे ठीक वाटते. फोनवर बाण नाहीत. टॉकबॅक 'तालुका निवडा' एवढेच म्हणतो, टिचकी मारल्यावर यादी डोळ्यांपुढे उघडते, पण आराखड्यात ती पानाच्या अगदी तळाशी जोडलेली असते. ऐकणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते, तो पुन्हा टिचकी मारतो आणि यादी बंद होते. समजा निफाड निवडले गेलेच, तर गावांची यादी बदलते. ती बदलली हे सांगणारे कोणी नाही. बदल जाहीर करायची सोय वेबच्या निकषांत आहे, पण ती कोणत्या जोडीवर लगेच बोलते, कोणत्या जोडीवर उशिरा आणि कोणत्या जोडीवर दुसऱ्या घोषणेखाली दबून जाते, हे ऐकूनच कळते. त्यात मोबाइलवर ओटीपीचा संदेश येतो, टॉकबॅक तो मधेच वाचायला लागतो, आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते. या तिन्ही अडचणी एनव्हीडीए आणि क्रोमच्या पहिल्या फेरीत निसटू शकतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, सारे नियमांनुसार लिहिले असेल तर यंत्रागणिक तपासायचे कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. नियमांनुसार लिहिलेले, साध्या मूळच्या घटकांचे पान बहुतेक ठिकाणी चालते, आणि एका स्क्रीन रीडरचा दोष झाकण्यासाठी कोड वाकवणे हा वाईट मार्ग आहे. उद्या तो दोष दुरुस्त होतो आणि वाकवलेला कोड दुसऱ्या कोणाला नडतो. पण वेबसाइट बनवणाऱ्याने काय लिहावे ते नियम सांगतात. ब्राउझर आणि स्क्रीन रीडरने ते पुरते पाळले आहे याची हमी ते देत नाहीत. दुसरे असे की, डब्ल्यूसीएजीची वर सांगितलेली अट हीच नियमाचा भाग आहे. तपासणी टाळून नियम पाळता येत नाही.

दुसरा आक्षेप स्वयंचलित साधनांचा. पान दिले की मिनिटभरात दोषांची यादी देणारी साधने आहेत आणि ती रोज वापरावीत. चित्राला पर्यायी मजकूर नाही, चौकोनाला नाव नाही, रंगांतला फरक पुरेसा नाही, हे ती न कंटाळता शोधतात. मात्र चित्राला 'इमेज १२३' असे नाव दिले तर नाव आहे म्हणून साधन समाधानी होते. पानावर 'येथे क्लिक करा' असे अकरा दुवे असले तरी त्याची हरकत नसते. जुन्या फॉन्टचा प्रश्न तर आपल्याकडचाच आहे. कृतिदेव ०१० मध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द डोळ्यांना मराठीच दिसतो, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात, आणि स्क्रीन रीडर 'ई, जे, के, बी, एच' असे काही तरी बोलतो. युनिकोडमध्ये नसलेली परिपत्रके आणि स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफ ऐकणाऱ्यासाठी अशाच बंद राहतात. जगातली कोणतीही जोडी घ्या, ती उघडणार नाहीत. तिथे इलाज एकच, मजकूर युनिकोडमध्ये देणे. पण दोन शब्द मराठी आवाजात ऐकणाऱ्याला हे पहिल्याच मिनिटात कळले असते.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो लहान कंत्राटदाराच्या बाजूने खराच वाटतो. पण मी सांगितलेल्या पहिल्या दोन तिकड्यांना परवान्यापोटी एक रुपयाही लागत नाही. टॉकबॅक फोनमध्ये आहे, एनव्हीडीए फुकट आहे. नवा महागडा फोन घेऊ नये, उलट तीन-चार वर्षे जुना, कमी मेमरीचा फोन घ्यावा, कारण वापरणाऱ्यांच्या हातात तोच असतो आणि जड पान तिथेच अडखळते. खर्च होतो तो शिकण्याच्या वेळेचा. स्क्रीन रीडर चालू करून पडद्याकडे पाहत बसणाऱ्या डोळस माणसाची तपासणी अर्धीच असते. कान चुकले तरी डोळे उत्तर देत राहतात. एनव्हीडीएमध्ये पडदा काळा करायची सोय आहे, टॉकबॅकमध्येही आहे. ती लावूनच तपासावे.

त्याहून चांगले म्हणजे ज्यांचे हे रोजचे साधन आहे त्यांना मोबदला देऊन बोलवावे. नाशिकला ही सोय दूर शोधावी लागत नाही. राष्ट्रीय दृष्टिहीन संघाच्या, म्हणजे नॅबच्या, महाराष्ट्र शाखेचे काम सातपूरमधून चालते. दृष्टिहीन परीक्षक ज्या वेगाने आणि ज्या खाणाखुणांनी पान धुंडाळतो, शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो, तो वेग शिकाऊ डोळस माणसाला येत नाही. मात्र एकाच परीक्षकावर भिस्त ठेवू नये. अनुभवी माणूस सवयीने अडथळे ओलांडतो आणि कधी कधी सांगायला विसरतो की तिथे अडथळा होता.

मोजक्या लोकांसाठी एवढा खटाटोप का, असा प्रश्नही दबक्या आवाजात विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीची अक्षमता असलेले ५० लाखांवर लोक नोंदले गेले, आणि वयामुळे किंवा मधुमेहामुळे नजर अधू झालेले अनेक जण या मोजणीत येतच नाहीत. पण आकडा लहान असता तरी उत्तर बदलले नसते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले ते वर्गात येऊ न शकणाऱ्यांपर्यंत शिक्षण नेण्यासाठी. अशा शिक्षणाचे दार आज ऑनलाइन अर्जातून उघडते. ते दार ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मुक्त शिक्षण बंदच राहते. कायदाही आता इथवर आला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सुगम्य करण्याची जबाबदारी होती, पण २०१७ च्या नियमांतली भाषा शिफारशीची राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५ मधली ही ढिलाई अधिनियमाशी विसंगत ठरवली आणि बंधनकारक मानके आखायला सरकारला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि बँक खात्यासाठीच्या केवायसीसह वीस निर्देश दिले. सरकारी वेबसाइटच्या मार्गदर्शक सूचनांची २०२३ ची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ ची 'एए' पातळी मागते, आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे.

नाशिकला हे सारे लवकरच कसाला लागणार आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत, आणि घाट, वाहतूक, निवास, हरवलेल्या माणसांची चौकशी यांची माहिती मोठ्या प्रमाणात फोनवरूनच दिली जाईल. या वेबसाइट आणि अॅपच्या निविदा निघताना 'दिव्यांगांसाठी सुगम्य असावे' एवढी ओळ पुरणार नाही. कोणता फोन, अँड्रॉइडची आणि टॉकबॅकची कोणती आवृत्ती, क्रोमची कोणती, आवाज मराठी की हिंदी, फोनची भाषा कोणती, कोणते काम शेवटपर्यंत करून पाहिले आणि ते करणाऱ्यांत दृष्टिहीन परीक्षक किती होते, हे अहवालात नावानिशी मागायला हवे. सिंहस्थाला बाहेरच्या राज्यांतून येणारे दृष्टिहीन भाविक हिंदी आवाजात ऐकतील, तेव्हा हिंदी पानांसाठी हिंदी तिकडीही त्यात हवी. आवृत्त्या दर काही आठवड्यांनी बदलतात, म्हणून अहवालावर तारीख हवी आणि पहिल्या दोन तिकड्यांवरची फेरतपासणी मेळा सुरू होण्याआधी पुन्हा एकदा, खऱ्या ओटीपीसह आणि खऱ्या गर्दीच्या नेटवर्कवर, व्हायला हवी.